कमीजास्त मशीन आणि बरडाचा तुकडा

जालन्याला कशाला चाललात, असं निघण्याआधी मला तिघांनी विचारलं आणि तिघांनाही मी वेगवेगळं उत्तर दिलं. शेजारच्या वहिनींना सांगितलं, राजूरच्या गणपतीला. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला सांगितलं, हवापालट करायला. ती हसली, कारण हवा बदलायला जालन्याला जाणारं माणूस तिने अजून पाहिलं नव्हतं. किराणा दुकानदाराला सांगितलं, सहज. खरं कारण होतं माझा भाचा अभिजित. कृष्णाकाठची आमची सहा एकर तो बघतो. त्याच्या डोक्यात यंदा एक नवीन खूळ शिरलं होतं. शेताचा नकाशा करायचा, जागोजागची माती तपासायची आणि मग सगळ्या शेताला सारखं खत न घालता ज्या जागेला जितकं लागेल तितकंच मशीनने घालायचं. कुठे कमी, कुठे जास्त. हॉस्टेलमधला त्याचा मित्र विष्णू याने जालना जिल्ह्यातल्या आपल्या कपाशीत हे करून पाहिलं होतं. ‘आत्या, तू गणिताची. फायदा-तोटा तू बघून ये, मला भुरळ पडेल,’ असं अभिजित म्हणाला. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवल्याची ही शिक्षा आहे. घरात कुठेही आकडा दिसला की माझ्याकडे बोट दाखवतात.

सकाळी सातच्या सुमाराला गाडीने मला नवीन जालन्याच्या स्टेशनवर उतरवलं. डिसेंबर असूनही थंडी नव्हती, कारण आभाळ भरून आलेलं होतं. स्टेशनबाहेर रिक्षा, मोटारसायकली, बँकांच्या पाट्या, आडतीची दुकानं आणि जिकडेतिकडे बियाणं कंपन्यांचे फलक. एका फलकावर कापसाचं बोंड टरबुजाएवढं रंगवलेलं होतं आणि त्याच्याखाली एक म्हातारा उकिडवा बसून आभाळाकडे बघत होता. रंगवलेल्या बोंडाला पावसाची भीती नव्हती, त्याला असावी. मला एकदम उदास वाटलं. प्रवासाच्या पहिल्याच तासाला असं वाटू नये, म्हणून मी चहा मागवला. चहा चांगला होता, हे नमूद करते.

विष्णू घ्यायला आला होता. पस्तिशीचा, किडकिडीत, गळ्याला उपरणं आणि हातात मोठा फोन. भर रस्त्यात पाया पडला. ‘आत्या, आधी राजूरला जाऊन येऊ. मशीनवाल्याकडून नकाशा घ्यायचाय. परवा गावात बैठक हाये.’ बैठकीचं काय ते त्याने प्रवासी जीपमध्ये बसल्यावर सांगितलं. गावातल्या बारा शेतकऱ्यांनी त्याच्या भरवशावर थांबायचं ठरवलं होतं. त्याचा अनुभव चांगला निघाला तर पुढच्या हंगामाला सगळे मिळून मशीन लावणार होते. वाईट निघाला तर मशीन त्या भागात पुन्हा येणार नव्हतं. आणि विष्णूला वर्षभर जी टोपणनावं पडली होती ती जन्मभर चिकटणार होती, हे त्याने सांगितलं नाही. ते मला पुढे कळलं.

राजूरच्या अलीकडे जीपचं चाक बसलं. अर्धा तास आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) आणि फुलावरची तूर. एका बाईने मला विचारलं, ‘कुण्या गावच्या हो तुमी?’ सांगितलं. ‘इतक्या लांबून देवाला आल्या?’ मी म्हटलं, देवाला नाही, खताचं मशीन बघायला. ती विष्णूकडे बघून हसली. ‘ते कमीजास्त मशीन व्हय? नाव तरी चांगलं ठिवायचं. घरात दुखणेकरी असला अन् कायी कमीजास्त झालं म्हणलं, की आमी रडाया लागतो.’ जीपमधली सगळी माणसं हसली. विष्णूही हसला, पण उशिरा. मला त्या बाईचं म्हणणं पटलं. आपल्या भाषेत हा शब्द चांगल्या घरी येतच नाही. दोन जावांत कमीजास्त बोलणं होतं, आजाऱ्याचं काही कमीजास्त होतं, पंगतीत वाढताना कमीजास्त होतं, आणि कुठेही झालं तरी वाईटच होतं.

राजूरला गणपतीच्या पायऱ्यांजवळ नारळ, हार, पेढे यांची गर्दी होती. दर्शन घेतलं, म्हणजे शेजारच्या वहिनींना सांगितलेलं खोटं ठरलं नाही. मशीनवाला अन्वर रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. मशीन म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लावायची खताची पेटी, तिला छोटी मोटर आणि ट्रॅक्टरवर पाटीएवढा पडदा. पडद्यावर शेताचा नकाशा असतो. ट्रॅक्टर ज्या रंगावर येईल त्याप्रमाणे मोटर खत सोडते, गडद रंगावर जास्त, फिक्यावर कमी. मी अन्वरला सरळ विचारलं, यात तोटा कोणाचा?

‘बाई, खरं बोलू का? एकट्याच्या रानाला तोटाच हाये. माती तपासायचा खर्चा हाये, नकाशाचा हाये, आन् मशीन इथून तिकडं न्यायचं डिझेल हाये. शेजारी शेजारी पन्नास-शंभर एकर भेटलं तर बिलकुल फायदा. रान लहान असलं की मशीन वळून राह्यतं अन् धुऱ्यावर (बांधावर) खत सांडून राह्यतं.’ मला हा माणूस आवडला. विकायला बसलेला माणूस आधी तोटा सांगतो असं क्वचित होतं. त्याने नकाशाचा मोठा कागद गुंडाळी करून विष्णूच्या हातात दिला आणि आम्हाला बसस्टँडपर्यंत सोडायला आला.

पुन्हा जालना, तिथून वाटूरची एसटी, वाटूरच्या फाट्यावरून विष्णूच्या मोटारसायकलवर आत तीन-चार किलोमीटर. अंग मोडून आलं. दिवेलागणीला घरी पोहोचले तेव्हा ओसरीवर विष्णूचे वडील बसले होते. दगडूबा. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. पांढरा फेटा, एका डोळ्यात मोतीबिंदू. ‘या बाई,’ एवढंच म्हणाले आणि सुनेला हाक मारून पाणी द्यायला सांगितलं.

सून मंगल हाताला चपळ आणि बोलायला मोकळी. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ) घालून केलेली झणझणीत आमटी, तुरीच्या ओल्या दाण्यांची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, घरी दीड खाते. मंगल गावातल्या बातम्या सांगत होती. त्यात एक बातमी अशी की आषाढात त्यांची पाठ (तरुण शेळी) लांडग्याने नेली. ‘आबा तिला चारायला नेल्ते. रिकाम्या दोरीनं परत आले. दोन दिस जेवले न्हाईत.’ आबा ताटाकडे बघत भाकरी कुस्करत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला शेळीचा लळा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो. विष्णूचं रान म्हणजे उतारावरचं एकच मोठं शेत. वरच्या अंगाला बरड (मुरमाड, पातळ मातीची जमीन), मध्ये मध्यम आणि खाली नाल्याच्या कडेला गुडघाभर भेगा पडणारी काळी. विष्णूने बांधावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. कागदावर मधला पट्टा गडद हिरवा होता, नाल्याकडचा फिका हिरवा आणि बरड अगदी पिवळट, कळेल न कळेल असा.

‘हे बघा आत्या. काळीत आधीच लई हाये. दर साली तिथं बी सारखंच घालायचो. मंग कपाशी नुसती माजायची, पानंच पानं, बोंडं कमी अन् मावा, तुडतुडे जादा. यंदा खत कमी केलं तर बघा कशी उभी हाये.’ खरोखर नाल्याकडची पऱ्हाटी आटोपशीर होती आणि बोंडांच्या फुटलेल्या वाट्या खालपासून वरपर्यंत दिसत होत्या. फवारण्याही दोन कमी लागल्या होत्या. मधल्या पट्ट्यात जास्त घातलं, तिथे पीक वाढलं होतं. एकूण चार पोती खत शिल्लक होतं. ती पोती त्याने मला आखाड्यावर (रानातल्या घर-गोठ्याच्या जागी) नेऊन दाखवली, एखादा माणूस पोराला मिळालेला करंडक दाखवतो तशी. मला तो प्रामाणिक वाटला आणि त्याचं गणितही बरोबर वाटलं. मी वहीत ‘फायदा’ या रकान्यात लिहीत गेले आणि रकाना भरत गेला.

‘आणि बरड?’ मी विचारलं.

‘तिथं सगळ्यात कमी. माती इतकी इतकीच हाये,’ त्याने बोटाचं पेर दाखवलं. ‘पाणी धरत न्हाई. किती बी घाला, वाया. कागद म्हणतो, थोडं घाला अन् सोडून द्या.’

विष्णूला मजूर बायांकडे जायचं होतं, शेवटची वेचणी चालू होती. मी एकटीच बरडाकडे चढले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पायाखाली नुसते खडे. एका पायावर लंगडत मी बांधापाशी आले तर तिथे आबा बसलेले. त्यांनी चप्पल घेतली, कुंपणाची तार काढली आणि दगडावर ठोकून बसवायला लागले. मी बांधाच्या दगडांवर टेकले. तो बांध बांध नव्हता, कमरेएवढी दगडांची भिंतच होती. एवढे दगड कुठून आणले, मी विचारलं.

‘याच रानातले. मव्ही मालकीण (माझी बायको) अन् मी, येचून येचून रचले. इष्णू पाळण्यात होता तवापासून. ती जायच्या आदल्या साली बी येचीत होती.’ त्यांनी चपलेकडे बघतच विचारलं, ‘बाई, तुमच्याकडं पंगत कशी वाढतेत?’

मला प्रश्न कळला नाही. वाढतात तशीच, मी म्हटलं, सगळ्यांना सारखं.

‘सारखं. मंग? एका पंगतीला बसवायचं अन् एकाच्या पानात दोन पोळ्या, दुसऱ्याच्या पानात चतकोर, हे करतेत का कुठं? याला पाप म्हणतेत. रान एकच हाये. बी एकच पेरलं. अन् मशीन आलं, वरून तुरूतुरू गेलं. तिथं खाली घातलं, मंधी ढीग घातलं, अन् इथं आलं की आवाजच बंद. मी इथंच बसलेलो. आवाज बंद झालेला मी ऐकला.’ त्यांनी तार आणखी एकदा ठोकली. ‘मला दोन दिस घास उतरला न्हाई.’

मग त्यांनी सांगितलं. धुऱ्याशेजारच्या सखारामाकडे पूर्वी मेंढरं होती, आता तो शेतीही करतो. त्याच्या घरी खताची पोती होती. आबांनी त्याला शेळी दिली आणि दोन पोती घेतली. विष्णू घरी नसेल तेव्हा टोपलं घेऊन बरडातल्या झाडाझाडाच्या बुडाशी मूठमूठ घातली. पहिल्या वेळी, आणि फुलं धरताना पुन्हा. लांडगा वगैरे काही नव्हता.

‘इष्णूला सांगू नका. त्याचा परयोग हाये. पर मला बघवलं न्हाई बाई. ज्याच्यात कमी, त्यालाच कमी वाढायचं?’

चप्पल दुरुस्त झाली होती. मी पायात घातली. वहीतला भरलेला रकाना माझ्या मांडीवर उघडा होता. विष्णूचा अख्खा हिशेब त्या बरडावर चुकत होता. तिथे कागदाच्या शब्दाप्रमाणे खत पडलंच नव्हतं. आणि हे जगात तिघांनाच माहीत होतं, आबांना, सखारामला आणि आता मला. मला या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी शाळेत वर्षानुवर्षं काय केलं ते आठवलं. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मधल्या बाकांवर मी जीव ओतला. मागच्या भिंतीपाशी बसणाऱ्यांना ‘थोडं शिकवा आणि सोडून द्या’ असं मला कोणत्याही कागदाने सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. त्यातल्या एकाचंही नाव मला त्या बांधावर आठवलं नाही. लाज वाटली, ती इथे लिहून ठेवते.

दुपारी वजन झालं. विष्णूने तिन्ही भागांतला कापूस वेगवेगळ्या गठड्यांत बांधून ठेवायला सांगितला होता. लिंबाच्या फांदीला काटा टांगला. आधीच्या दोन वेचण्यांचे आकडे त्याच्या वहीत होते, आज शेवटचे मिळवायचे होते. आभाळ आणखी खाली आलं होतं आणि मजूर बाया कापूस आत न्यायची घाई करत होत्या. काळीच्या गठड्या चढल्या, मागच्या वर्षापेक्षा जड. मधल्या पट्ट्याच्या चढल्या, बऱ्याच जड. बरडाची एकच गठडी होती, लहानशी. आबा गुरांना पाणी दाखवायचं सोडून काट्याखाली येऊन उभे राहिले. चांगल्या डोळ्याची बाजू काट्याकडे केली.

‘इतकंच?’ ते म्हणाले.

‘तितकंच की आबा. तीन वेचण्या मिळून मागल्या साली जितकं निघालं तितकंच. पाच-सात किलो इकडंतिकडं,’ विष्णू वहीत लिहिता लिहिता म्हणाला. ‘खत कमी करूनबी घटलं न्हाई, हे किती झालं!’

आबांनी गठडीला हात लावला, थोडी उचलल्यासारखी केली आणि सोडून दिली. मग गुरांकडे गेले. दोन पोती खत, एक शेळी आणि एका पावसाळ्याची चोरी, आणि रानाला त्यातलं काही लागलंच नव्हतं. त्यांची पाठ बघताना मला वाटलं, रानाने निदान यांच्या मानासाठी तरी दहा-वीस किलो जास्त द्यायचं होतं. गणिताच्या बाईने असं म्हणू नये, पण मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात बैठक भरली. बारा शेतकरी होते, शिवाय ऐकायला आलेले दहा-पंधरा. आबा खांबाला टेकून मागे बसले. विष्णूने नकाशा भिंतीला लावला आणि शांतपणे सगळं सांगितलं. खर्च काय आला, पोती किती वाचली, फवारण्या किती वाचल्या, तिन्ही भागांत पीक किती निघालं. एकट्याने केलं तर परवडत नाही हेही लपवलं नाही. मग तो म्हणाला, ‘माझ्यावर इस्वास नसंल तर आमच्या आत्या आल्यात. गणिताच्या बाई हायेत. त्यांनी सगळं डोळ्यानं पाह्यलंय. त्यांना इचारा.’

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी उभी राहिले. काळीचं आणि मधल्या पट्ट्याचं मला दिसलं ते सांगितलं, तिथे फायदा आहे. मग बरडाशी आले आणि अडकले. खोटं बोलले असते तर बारा घरांनी चुकीच्या आकड्यावर पैसे लावले असते. खरं बोलले असते तर म्हाताऱ्याचा शब्द मोडला असता. शेवटी मी म्हटलं, ‘बरडाचा आकडा धरू नका.’

‘का आत्या?’ विष्णूने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

‘बाईला कशाला इचारता?’ मागून आवाज आला. आबा खांबाला धरून उठले. ‘मी घातलं. बरडाला मी दोन पोती खत घातलं. हातानं. पाठ लांडग्यानं नेली न्हाई, मी सखारामाला देल्ती. मशीनची चूक न्हाई, इष्णूची बी न्हाई.’

विष्णू बापाकडे बघत राहिला. वर्षभर याच माणसासमोर बसून त्याने रोज खताचे आकडे सांगितले होते. एवढ्यात पुढे बसलेला भाऊराव नावाचा धिप्पाड शेतकरी मांडीवर हात मारून म्हणाला, ‘म्हंजी आबा, दोन पोती जादा घालूनबी तितकंच निघालं? मंग कागद तर बिलकुल बराबर बोलून राह्यला की! कागद म्हणलाच व्हता, तिथं जादा घालू नका!’

आधी एक हसला, मग सगळे हसले. कुचेष्टेचं हसू नव्हतं ते, गाठ सुटल्याचं होतं. विष्णूच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो पटकन वहीकडे वळला आणि मला कळलं की त्याच्या डोक्यात बेरीज झाली आहे. ‘आबा, तुमीच पुरावा देल्ला,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्याचा राग आला, आणि राग यावा असं त्याने काहीच केलं नव्हतं. बाराच्या बारा जणांनी होकार दिला. त्यानंतर बोलणं आपोआप पुढे सरकलं. बरडावर थोडंसं खत तरी कशाला, बी तरी कशाला, मजुरी तरी कशाला? भाऊराव म्हणाला, ‘त्याच्याखाली मुरूम चांगला हाये. रस्त्याच्या कामाला पाहिजेच हाये. जल्दी देऊन टाक.’ विष्णू म्हणाला, ‘बघू.’ पण तो ‘नाही’ म्हणाला नाही.

आबा कधी उठून गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारच्या एसटीला मी निघाले. मंगलने शिदोरीला धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालिपीठं) बांधून दिले. विष्णूला बैठकीनंतर चार माणसं घेरून बसली होती, त्याने दहादा माफी मागितली. फाट्यापर्यंत मला सोडायला सखारामच्या बैलगाडीतून आबाच आले. पावसाचे चार टपोरे थेंब पडले आणि थांबले. एसटी दिसल्यावर त्यांनी माझी पिशवी उचलून हातात दिली.

‘बाई, खरं सांगा. कागद बराबर व्हता?’

मी खोटं सांगू शकले असते. तेवढं पुण्य मला जमलं नाही. ‘होता, आबा,’ मी म्हटलं.

‘मंग ठीक.’ त्यांनी मान हलवली. ‘मला वाटलं, माझ्या डोळ्याला दिसत न्हाई म्हणून मीच चुकतो का काय. चुकलोच व्हतो.’ कंडक्टर घंटी वाजवत होता. ‘पर इष्णूला एवढं सांगा बाई. कमी वाढ म्हणा, पर बसू दे. पंगतीतून उठवू नको म्हणा.’

मी जालन्याहून फोन केला आणि विष्णूला ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘आत्या, मला वाईट वाटत न्हाई का? आईनं दगडं येचलेली मी पाह्यलीत.’ आणि पुढे म्हणाला, ‘पर बारा घरं माझ्याकडं बघून राह्यलीत.’ दोन्ही वाक्यं खरी होती.

घरी येऊन आता महिना झाला. अभिजितला मी वही दिली. फायद्याच्या रकान्यात नऊ ओळी आहेत आणि तोट्याच्या रकान्यात चार, आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत. पाचवी ओळ मला लिहिता आली नाही. ती खर्चात धरायची की कशात, हेच मला कळत नाही. लोक विचारतात, जालना कसं आहे? मी येसरच्या आमटीचं सांगते. ते सांगायला सोपं जातं.

गेल्या आठवड्यात विष्णूचा निरोप आला. फोनवर पुढच्या हंगामाचा नकाशा होता, त्याचं आणि बारा घरांचं रान मिळून. सोबत लिहिलं होतं, ‘आत्या, एकदा तपासून द्या. आबांना अजून दाखवला नाही.’ मी चष्मा लावून नकाशा मोठा करून पाहिला. विष्णूच्या रानातला नाला ओळखू आला, मधला गडद हिरवा पट्टा ओळखू आला. त्याच्या वर शेताची रेघ आडवी मारून शेत तिथेच संपवलेलं होतं. रेघेच्या पलीकडे पांढरं होतं, तिथे पिवळटसुद्धा रंग नव्हता. दगडांची ती भिंत नकाशात कधी नव्हतीच. मी बेरजा तपासल्या, दोनदा तपासल्या, एकही चूक सापडेना. चूक सापडावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग मी ‘बरोबर आहे’ एवढे दोन शब्द लिहिले आणि पाठवून दिले.